बॅग वाचली

ट्रामचा ब्रेक असा काही लागला की उभी होती ती सगळी माणसं एका बाजूला कलली, आणि तेवढ्यात ऊनाचे दोन्ही हात बॅगेकडे गेले. बॅग तिच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर होती. ती घसरून खाली जायच्या आत ऊनानं तिला पकडून छातीशी ओढून घेतलं. कॉर्मक, तिचा आठ वर्षांचा मुलगा, तिच्या गुडघ्याला टेकूनच उभा होता, बॅगेपेक्षा जवळ. तो पुढं फेकला गेला आणि समोरच्या सीटच्या कडेवर त्याची हनुवटी आपटली. आवाज मोठा नव्हता, पण ऊनाला तो स्वतःच्या दातांत लागल्यासारखा वाटला. पोराला उचललं ते एका परक्या बाईनं. तिच्या मांडीवर बाजाराची पिशवी होती, ती तिनं सरळ खाली सोडून दिली. चेरी घरंगळत दारापर्यंत गेल्या. तिनं कॉर्मकच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत त्याच्या हनुवटीला रुमाल लावला. ऊना अजून बॅग धरून बसली होती. आपले हात तिथं आहेत हे तिला जरा उशिराच कळलं.

"आई, तू बॅग पकडलीस," ऑर्ला म्हणाली. ऑर्ला सोळा वर्षांची, कानात गाणी घालून समोर बसलेली. तिच्या आवाजात आरोप नव्हता. पाऊस पडतोय असं सांगावं तसं तिनं सांगितलं. मागच्या दाराशी मोठ्या सुटकेसी सांभाळत उभा असलेला फिन्टन, ऊनाचा नवरा, माणसांमधून वाट काढत पुढं आला. त्यानं पोराची हनुवटी वर करून बघितली, दात हलवून बघितले, डोळ्यांत बघितलं, आणि काही फारसं नाही अशी खात्री पटल्यावर ऊनाकडे वळला. ती अजून तशीच. "चला," तो म्हणाला, "बॅग वाचली म्हणायची."

सुट्टीचा शेवटचा दिवस होता. भाड्यानं घेतलेलं घर सकाळीच रिकामं करून द्यायचं होतं आणि विमान संध्याकाळचं. मधला वेळ त्या परक्या शहरात, झाग्रेबमध्येच कुठंतरी काढायचा. स्टेशनवर सामान ठेवायचं, शेवटचं काहीबाही घ्यायचं, जेवायचं, झाडाखाली बसायचं. हे सगळं ऊनानं ठरवलेलं होतं. घरात ठरवायचं काम तिचंच. त्यांच्या गावी, एनिसला, दातांच्या दवाखान्यात ती पुढच्या टेबलावर बसते, लोकांना वेळा देते, लोकांच्या वेळा सांभाळते. सुट्टीतही तिच्या हाताला तीच सवय. पासपोर्ट, औषधं, सासूचा चष्मा, कॉर्मकचा जादा शर्ट, पाण्याच्या बाटल्या, सगळं त्या बॅगेत. बॅगेत जादा शर्ट होता म्हणूनच तर औषधांच्या दुकानात त्याचा रक्ताळलेला शर्ट लगेच बदलता आला. ऊना ही गोष्ट मनात पुन्हा पुन्हा मांडत राहिली, कुणीतरी विचारणार असल्यासारखी.

दुकानातल्या बाईनं जखम धुतली, वर पट्टी चिकटवली, टाके नकोत म्हणाली, दोन दिवस भिजवू नका म्हणाली, आणि कसं लागलं ते विचारलं. फिन्टननं सांगितलं. सांगताना त्यानं हात असे करून दाखवले, बॅग छातीशी धरल्यासारखे, आणि डोळे मोठे केले. बाई हसली. गिऱ्हाईक परदेशी आहे म्हणून हसतात तेवढंच. कॉर्मकही हसला, हनुवटी धरून, तोंड फार न उघडता. "पासपोर्ट होते ना त्यात," ब्रीडा म्हणाली. ब्रीडा फिन्टनची आई. दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीवर ती हातातली काठी गुडघ्यांत धरून बसली होती. "पासपोर्ट गेले असते तर बसलो असतो इथंच. पोरगं काय, पडून पडून जातंय कुठं." तिला ऊनाची बाजू घ्यायची होती. ऊनाला ते समजलं, आणि त्यानं जास्तच लागलं.

सामान ठेवून ते बाजाराकडे चढले. लाल छत्र्यांखाली बायका पनीर आणि साय घेऊन बसल्या होत्या. ऑर्लाला मैत्रिणीसाठी लाल रंगाचं, आरसा लावलेलं बिस्किटाचं हृदय घ्यायचं होतं आणि ते निवडायला तिला खूप वेळ लागला. ऊना कॉर्मकच्या मागं उभी राहिली. मग बाजूला. मग पुढं, म्हणजे उतारावर तो घसरला तर आधी तिच्यावर येईल. आपण कुठं उभं राहायचं हे पूर्वी कधी ठरवावं लागलं नव्हतं. तिच्या लक्षात आलं की ती स्वतःच्या हातांवर नजर ठेवून आहे, घरात नवीन भाडेकरू आल्यावर ठेवावी तशी. हे हात काय करतील सांगता येत नाही. ऑर्लाच्या वेळी असं झालं असतं का? ऑर्ला लहान असताना गाडीनं ब्रेक मारला की ऊनाचा डावा हात आपोआप आडवा जायचा, शेजारच्या सीटवर कुणी नसलं तरी जायचा. तो हात कुठं गेला? मध्ये आठ वर्षं गेली होती. कॉर्मकची चाहूल लागली तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं होतं, आपलं तर पोरं वाढवून संपलं होतं की. वाईट काही नव्हतं त्यात, थकलेल्या बाईच्या मनात येतं तसं आलं आणि गेलं. नंतर तिनं सगळं नीट केलं. दूध वेळेवर, लस वेळेवर, झोप वेळेवर. दवाखान्यात करायची तसंच. पोरगं छान वाढलं. आणि आता तिला वाटायला लागलं, की ते आलं आणि गेलं असं आपण समजलो, पण अंगानं ते जपून ठेवलं असेल तर? अंग असं काही ठेवतं का? कुणाला विचारायचं हे?

"नाही रे, ठीक आहे पोरगा," फिन्टन फोनवर बोलत होता. पलीकडे त्याचा भाऊ मॅलकी. "पण आमच्या बाईसाहेब बघायला हव्या होत्यास. दोन सीटांवरून झेप. गोलकीपर मागं पडेल. पोरगा एकीकडे, बॅग एकीकडे, आणि हिचा निर्णय पक्का." मॅलकीचं हसणं फोनमधून बाहेर ऐकू आलं. दोन सीटांवरून. ऊना बसलेली होती, तिनं झेप कुठली घेतली? पण आता घेतली होती. सकाळच्या गोष्टीला पाय फुटले होते, ती चालायला लागली होती, आणि ख्रिसमसपर्यंत ती चांगली धष्टपुष्ट होऊन एनिसच्या जेवणाच्या टेबलावर बसणार होती. तेवढ्यात वरच्या टेकडीवरची दुपारची तोफ उडाली. पाच दिवस रोज ऐकलेली. ऊनानं झटकन कॉर्मकचं मनगट धरलं, इतकं घट्ट की तो कळवळला.

"आई, तोफ आहे ती. रोजचीच," तो म्हणाला. "सोड ना. दुखतंय."

तिनं सोडलं. मनगटावर बोटांचे पांढरे वळ उठले होते आणि हळूहळू लाल होत होते. कॉर्मकनं ते पुसले, आणि पुढं जाऊन आजीच्या काठीजवळ चालायला लागला.

जेवताना गोष्ट पुन्हा निघाली. हॉटेलवाल्याच्या बायकोनं पट्टी बघून कॉर्मकच्या गालाला हात लावला आणि विचारलं, मग ती पुन्हा सांगावीच लागली. आता तिला शेवटही आला होता. पोरगा खालून ओरडतो, आई, आणि आई विचारते, पासपोर्ट आहेत ना रे सगळे? असं काही झालं नव्हतं. पण ते फार चांगलं जमलं होतं. ऑर्लानं तोंडातलं पाणी उडवलं, ब्रीडाचे खांदे हलायला लागले. कॉर्मक टेबलाकडे बघत स्ट्रुकली नावाच्या तिथल्या पदार्थातलं चीज काट्यानं ओढून लांब करत होता. आणि ऊना हसली. मान मागं टाकून, जरा जास्तच मोठ्यानं हसली, आणि हसता हसता ताटं गोळा करायला उठली, हॉटेलात, जिथं ताटं उचलायला माणूस होता. दोन ताटं एकमेकांवर ठेवल्यावर ती थांबली. हे हसणं तिचं नव्हतं. तिनं ते ओळखलं.

ते नोरीनचं होतं, तिच्या आईचं. माहेरी अशीच एक गोष्ट होती, सॉसेजची. उन्हाळ्यात किलकीच्या समुद्रावरून सगळे घरी येत होते, गाडीत सहा पोरं कोंबलेली, वाटेत पेट्रोल पंपावर थांबले, ऊना लघवीला गेली, आणि गाडी तिला न घेताच निघाली. सात वर्षांची होती ती. घरी जाऊन जेवायला बसल्यावर एक सॉसेज उरलं आणि मग नोरीनच्या लक्षात आलं. 'आमच्या हिनं पोरं नाही मोजली, सॉसेज मोजली,' असं वडील म्हणायचे, आणि टेबल हसून लोळायचं. दर ख्रिसमसला, प्रत्येक बारशाला, नवा जावई आला की त्याच्यासमोर. नोरीनही हसायची, मान मागं टाकून, आणि सॉसेजचा उल्लेख यायच्या जरा आधी चहाचं आधण ठेवायला उठायची. ऊनाही हसायची. ती तर त्या गोष्टीतली नायिका होती, तिला त्याचा रुबाबच वाटायचा. खरं म्हणजे त्या पंपावर ती मजेत होती. पंपवाल्यानं तिला वेफर्सची पुडी दिली होती, रेडिओवर हर्लिंगची मॅच चालू होती, पेट्रोलचा वास तिला आवडायचा. मग गाडी आली. नोरीन उतरली. तिनं ऊनाला जवळ घेतलं नाही. तिच्यासमोर उकिडवी बसून तिनं तिच्या स्वेटरची बटणं लावायला सुरुवात केली. उन्हाळ्याच्या दिवसांत, सगळी बटणं, वरपासून खालपर्यंत. तिचे हात इतके थरथरत होते की बटण भोकात जाईना. एक लागलं की दुसऱ्याला सुरुवात, ते निसटलं की पुन्हा. गोष्टीत हे कधीच आलं नाही. वडील गाडीत बसून होते, भावंडं मागच्या काचेत भांडत होती. बघणारी एकटी ऊना होती, आणि तिला वाटलं आई रागावली आहे. दोन वर्षांपूर्वी नोरीन गेली. चर्चमध्ये भाऊ बोलायला उभा राहिला, त्यानं सॉसेजची गोष्ट सांगितली आणि सगळं चर्च डोळे पुसत हसलं. आता चहाला उठायला नोरीन नव्हती.

दुपारी ते स्टेशनजवळच्या झाडांच्या बागेत जाऊन बसले. तळ्यात कासवं होती, लाकडाच्या ओंडक्यावर एकामागं एक उन्हाला बसलेली. ऑर्ला गवतावर आडवी झाली. कॉर्मक काठावर पोटावर झोपून कासवं मोजत होता आणि ऊना त्याच्या पायाशी उभी होती. तिला बसवत नव्हतं. बाकावर बसली की उठत होती, उठली की पाणी किती खोल असेल ते बघत होती. गुडघाभरही नव्हतं.

"बस गं जरा," ब्रीडा म्हणाली. "पोराला श्वास घेऊ दे. कासवंसुद्धा घाबरली तुला."

ऊना तिच्याजवळ बसली. ब्रीडानं बूट काढले होते आणि सुजलेले पाय गवतावर ठेवले होते.

"त्याला वाईट वाटणारच, ब्रीडा," ऊना म्हणाली. "बोलत नाहीये तो सकाळपासून."

"हनुवटी दुखतेय त्याची. बोलेल कसा."

"मी बॅग धरली."

"धरलीस. मग? फिन्टन लहान असताना बागेतल्या नळाखाली मी त्याला बसवला आणि आत जाऊन केस विंचरत बसले. नळ चालूच. आठवण झाली तेव्हा पोरगं निळं पडलं होतं थंडीनं. कुणी बघितलं नाही म्हणून त्याची गोष्ट झाली नाही, एवढंच." ब्रीडानं सुजलेला पाय चोळला. "तुझी आई त्या सॉसेजवरून हसायची ना, तेव्हा मी तिच्याकडे बघायची नाही. मी आपली माझ्या ताटात बघायची."

"का?"

"तुला माहीत नाही होय," ब्रीडा म्हणाली, आणि बूट घालायला वाकली.

ऊना उठली ती सरळ फिन्टनकडे गेली. तो झाडाला टेकून फोनवर सुट्टीतले फोटो पुसत होता, नको असलेले. "घरी गेल्यावर ती गोष्ट सांगू नकोस," ती म्हणाली.

"कुठली? बॅगेची?" त्यानं वर बघितलं. "अगं गंमत आहे ती. सगळे हसले. कॉर्मक हसला, तू स्वतः हसलीस."

"हसले. तरी नको."

"तुला कुणी वाईट आई म्हणतंय का? उलट सगळ्यांना माहीत आहे की तू नसतीस तर आम्ही एनिसच्या बाहेर पडलो नसतो. म्हणून तर ती मजेदार आहे."

"ती झेप. ते पासपोर्ट आहेत ना रे. मी असं म्हटलंच नव्हतं."

"मग काय म्हणालीस तू?"

ऊनानं आठवून बघितलं. काहीच म्हणाली नव्हती. ती बसून होती आणि एक परकी बाई तिच्या मुलाशी तिला न समजणाऱ्या भाषेत बोलत होती.

"आम्ही काय, आता हसायचंही विचारून?" फिन्टनचा चेहरा उतरला. तो दुष्ट नव्हता. घाबरला की त्याला गोष्ट सांगावी लागायची, आणि पोराच्या हनुवटीतून रक्त येताना बघून तो घाबरला होता. हेही ऊनाला त्याच क्षणी कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता. "मॅलकीला तर सांगून झालंय," तो म्हणाला. "म्हणजे आता अख्ख्या एनिसला झालंच." तो पुन्हा फोटो पुसायला लागला.

विमानतळावर पासपोर्ट तपासायच्या रांगेत ते पाचही जण एकाच खिडकीशी गेले. खिडकीतला माणूस तरुण होता, नुकतीच दाढी केलेला, दिवसभर चेहरे बघून कंटाळलेला. त्यानं ब्रीडाला बघितलं, फिन्टनला, ऑर्लाला. मग कॉर्मकचा पासपोर्ट उघडून पुढं वाकला. पासपोर्टातल्या पोराला पट्टी नव्हती.

"काय झालं रे तुला?"

फिन्टननं श्वास घेतला. ऊनाला तो ऐकू आला. पण कॉर्मकनं खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात ठेवले आणि टाचा वर केल्या.

"ट्राममध्ये पडलो," तो म्हणाला. "ट्राम एकदम थांबली. आईनं धरलं म्हणून थोडंच लागलं. नाहीतर दात गेले असते."

माणसानं ऊनाकडे बघून मान हलवली, शाबास म्हटल्यासारखी, आणि पासपोर्ट परत दिले. ऑर्लानं आईकडे बघितलं आणि लगेच नजर दुसरीकडे नेली. फिन्टननं खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा उगाच नीट केला. ब्रीडा काठी टेकत सगळ्यांच्या पुढं चालायला लागली, नेहमीपेक्षा भरभर. ऊनाला वाटलं होतं अशा वेळी हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. आठ वर्षांच्या पोरानं दिवसभर गप्प बसून हे तयार केलं होतं, तिच्यासाठी, आणि तिला ते घेता येत नव्हतं.

विमानाला वेळ होता. बाकी तिघं दुकानांकडे गेली. कॉर्मक खुर्च्यांच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर बसला होता. ऊना त्याच्या शेजारी बसली.

"मी तुला धरलं नव्हतं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग त्याला असं का सांगितलंस?"

कॉर्मकनं पट्टीची कड बोटानं दाबून बघितली. "ती बाबाची गोष्ट," तो म्हणाला. "ही माझी."

"राग आला होता?"

"पडलो तेव्हा आला. मग तोफेच्या वेळी मनगट धरलंस तेव्हा जास्त आला. तुझी कुठली?"

"काय माझी?"

"गोष्ट. बाबाची झाली, माझी झाली. तुझी कशी आहे?"

समोरच्या काचेपलीकडे एक गाडी सामानाचे डबे ओढत चालली होती. ऊना तिकडे बघत राहिली. गप्प बसता आलं असतं. विमानात सांगते म्हणता आलं असतं, आणि विमानात तो झोपला असता.

"माझ्या गोष्टीत ट्राम थांबते," ती म्हणाली, "आणि मी बॅग धरते."

"मग?"

"तू पडतोस. तुला लागतं. आवाज येतो."

"मग?"

"मग मी उठत नाही. ती चेरीवाली बाई उठते. ती तिची पिशवी टाकून देते आणि तुला उचलते. मी बघत बसते."

"का?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही मला. दिवसभर तेच शोधतेय."

कॉर्मकनं विचार केला. पाय खुर्चीखाली हलवत होता, ते थांबले.

"मग?"

"मग काय. मग मला कुठं बसवेना. तुझ्या मागं उभी राहत होते, पुढं उभी राहत होते. भीती वाटत होती."

"कासवांपाशी पण?"

"कासवांपाशी पण."

"पाणी एवढंसंच होतं," तो म्हणाला, आणि हातानं दाखवलं. मग थोड्या वेळानं, "ही काही हसायची गोष्ट नाहीये."

"नाही."

"बाबाला सांगितलीस?"

"अजून नाही."

"सांग," कॉर्मक म्हणाला. "पण मी असताना सांग. त्याला मधलं मधलं बदलायची सवय आहे."

दारापाशी माणसं उभी राहायला लागली होती. ब्रीडा रांगेत जाऊन पोचली होती आणि काठी उंच करून त्यांना बोलावत होती. कॉर्मक खुर्चीवरून उतरला आणि माणसांमधून वाट काढत आजीपाशी जाऊन उभा राहिला. तिथं पोचल्यावर त्यानं मागं वळून बघितलं, आई येतेय का ते.